टेपचं दुसरं टोक

टिबर्ली, मंगळवार

प्रिय डेस्मंड,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी फ्रीजवर टाकणार, मग त्यावर चहाचा मग ठेवणार, आणि मगाचा गोल डाग पडला की कंटाळून उघडणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. तीस वर्षांच्या वर संसार केलाय तुझ्याबरोबर. म्हणून पाकिटावर मुद्दाम लाल शाईने 'ओकबद्दल' असं लिहिलंय. घटस्फोट घेतलेल्या बायकोचं पत्र तू पडू देशील, ओकचं देणार नाहीस. फोन करून करून मी थकले. तुझ्या फोनमधलं ते यंत्र अजून 'मी झाडं मोजायला गेलो आहे, नंतर बोलू' असंच सांगतं. नंतर म्हणजे कधी, डेस्मंड? ते झाड पडल्यावर? आणि ईमेलचं तर नावच नको. माझं नाव दिसलं की ते परस्पर कचरापेटीत जावं अशी सोय तू करून ठेवली आहेस, आणि हे तू कौन्सिलच्या त्या ब्रायनीला हसत हसत सांगितलंस. तिने ते मला सांगितलं. ती मात्र हसत नव्हती.

तर आधी मुद्दा. प्रोबर्ट त्याच्या वरच्या शेतात कोंबड्यांच्या लांबलचक शेड उभारतोय, तिथवर मालमोटारी जायला कुंपणाच्या कडेने रस्ता हवाय, आणि त्या रस्त्यात तुझा काठीचा ओक येतो. पुढच्या आठवड्यात कौन्सिलची बैठक आहे. तिथे हात वर झाले की करवत लागलीच म्हणून समज. हे तुला माहीत आहे. तुझ्या मनात काय चाललंय तेही मला माहीत आहे: ग्वेंडा खूश असेल, तिचा पाद्रीबाबाचा ओक वाचला, माझा गेला, आता जिल्ह्यातला सगळ्यात मोठा ओक तिचाच. नाही रे बाबा, मी खूश नाही. मी इतकी वैतागले आहे की काल स्कोनच्या पिठात साखरेच्या जागी मीठ घातलं, आणि तसेच भाजून चर्चच्या विक्रीला पाठवून दिले. सगळे खपले म्हणे. कोणी काही बोललंसुद्धा नाही. पुढे वाच. मध्येच केटल ठेवायला उठू नकोस.

वृक्षमंडळाच्या त्या चार पानी पत्रकात आपण दोघांनी गेली सहा वर्षं लोकांना नुसतं छळलं. जुनी मोठी झाडं शोधायची, मोजायची, नकाशावर कुठे आहेत ते नोंदवायचं, एवढं साधं काम. बाकीचे सभासद ते गुपचूप करतात. आपण मात्र! माझा ओक टिबर्लीच्या हद्दीत, मिसेस बॉडनमच्या रानाच्या टोकाला. तुझा ऑल्डरविचच्या हद्दीत, प्रोबर्टच्या चढावर. मी माझ्या झाडाचा घेर अकरा मीटरच्या वर लिहिला, तर पुढच्याच अंकात तू लिहिलंस की खोडाच्या गाठींवरून टेप नेली तर माझ्या मांजराचाही घेर मीटरभर भरेल. मी लिहिलं की काही लोकांची झाडं लहान असतात आणि जीभ लांब. मग तू तो अजब युक्तिवाद काढलास, की तुझा घेर जरा कमी दिसतो खरा, पण तुझी कापडी टेप जुनी होऊन ताणली गेली आहे, म्हणजे खरा घेर दाखवतो त्याहून जास्तच. दुसरा कोणी असता तर नवी टेप आणली असती. तू ताणलेल्या टेपलाच साक्षीला उभं केलंस! चिटणीसबाईंनी शेवटी आपली पत्रं शेवटच्या पानावर, लोकरीच्या जाहिरातीखाली टाकायला सुरुवात केली, आणि आपण तिथेही भांडत राहिलो.

आणि मग प्रोबर्टच्या शेडचं प्रकरण निघालं. कौन्सिलने जाणकारांची मतं मागवली. जाणकार म्हणजे कोण, तर तू आणि मी. दोघांनी मतं दिली. ती आता कौन्सिलच्या संकेतस्थळावर सगळ्या जगाला वाचता येतात. माझ्या बहिणीने ती न्यूझीलंडमध्ये बसून वाचली आणि मला फोन केला, 'ग्वेंडा, तुम्ही दोघं बरे आहात ना?' मी लिहिलं होतं की काठीच्या ओकावर वीज पडून गेलेली आहे, तो अर्धा वाळलेला आहे, मोजणी संशयास्पद आहे, आणि दोहोंपैकी एक गमवायचाच झाला तर तो. तू लिहिलं होतंस की पाद्रीबाबाचा ओक नुसता गाठींचा गठ्ठा आहे, आतून पोकळ आहे, आणि त्याचं महत्त्व मुख्यतः तो नोंदवणाऱ्या बाईंना वाटतं. बिचाऱ्या ब्रायनीने दोन्ही वाचून अहवाल लिहिला: जवळजवळ सारख्याच आकाराचे दोन अतिप्राचीन ओक एका शेताच्या अंतरावर उभे आहेत, एक जाणं खेदाचं आहे, पण त्याच तोडीचा दुसरा शेजारीच सुरक्षित राहत असल्याने नुकसान सोसण्यासारखं आहे. 'त्याच तोडीचा दुसरा.' हे शब्द लक्षात ठेव. मी पुन्हा त्यांच्याकडे येणार आहे.

आपलं पूर्वी कसं होतं ते आठवतंय का तुला? मला हल्ली फार आठवतं, आणि आठवलं की राग येतो. शनिवार उजाडला की चीज-लोणच्याचे सँडविच, फ्लास्क, नकाशा. कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून तू टोपी काढून विचारायचास, 'माफ करा, आपलं झाड मोजलं तर चालेल का?' जणू त्याच्या मुलीला मागणी घालतोयस. मग तू टेपचं टोक सालीला दाबून उभा, आणि मी टेप सोडत सोडत फिरायची. खरोखरच्या मोठ्या झाडामागे गेलं की पलीकडचं माणूस दिसेनासं होतं. म्हणून ओरडायचं. मी म्हणायची, 'धरलं का?' आणि तू म्हणायचास, 'धरलं!' चिखल असो, बर्फ असो, आदल्या दिवशीचं भांडण असो, 'धरलं!' कधी चुकलं नाही. टेप माझ्या वडिलांनी लग्नात दिलेली, पितळी कडीची. इतर मुलींचे बाप चांदीचे चमचे देतात.

घरात मात्र आपलं काही जमेना. तू निवृत्त झालास आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्या अक्षरक्रमाने लावायला घेतल्यास. मी मुरंबा करायला बसले की तू मागे उभा राहून तापमान सांगायचास. कोणी विचारलं की आम्ही का वेगळे झालो, तर मला सांगण्यासारखं काही नसतं. दुसरी बाई नाही, दारू नाही, आदळआपट नाही. लोकांची निराशा होते. खरं सांगायचं तर आपलं जमायचं ते मध्ये झाड असताना. घरात मध्ये नुसतं जेवणाचं टेबल होतं, तेवढ्याने भागेना. तू टेप घेतलीस, मी नकाशे घेतले, आणि तू नदीपलीकडे ऑल्डरविचला गेलास. तेव्हापासून मी एकटीने मोजते. टेपचं टोक सालीत हॅटची पिन खोचून अडकवते. पिन हजारदा निसटते. निसटली की मी तुला शिव्या देते, पिनेला नाही.

आता गेल्या गुरुवारचं ऐक. मी माझ्या ओकाकडे गेले होते. ओकाला पालवी आली आहे, ॲशची झाडं अजून उघडीबोडकी, म्हणजे यंदा उन्हाळा कोरडा जाणार असं मिसेस बॉडनम म्हणतात. त्या दरवर्षी काहीतरी म्हणतात आणि दरवर्षी आपण भिजतो. तर तिथे एक कोकरू ओरडत होतं. जवळ गेले तर आवाज थेट झाडाच्या ढोलीतून. आत डोकावले, तर कोकराच्या पाठीवर निळा रंग. निळा रंग म्हणजे प्रोबर्टच्या मेंढ्यांची खूण. बॉडनमबाईंकडे मेंढ्या नाहीतच, घोडे आहेत. आणि मधलं कुंपण तर तुला माहीतच आहे. छाटायचं कोणी यावरून त्या दोन घराण्यांचं बापजाद्यांपासून वाकडं, त्यामुळे ब्लॅकथॉर्न आणि होलीची काटेरी झुडपं माजून घराएवढी उंच झालीत. त्यातून ससासुद्धा अंग सोलून घेतल्याशिवाय येणार नाही. मग हे पोर आलं कुठून?

मी गुडघे टेकले, केसांवर रुमाल बांधला, आणि रांगत आत शिरले. या वयात. आत चांगली खोलीएवढी जागा आहे, खाली भुसभुशीत लाल माती, घुबडाने ओकून टाकलेल्या हाडांकेसांच्या गोळ्या, आणि समोर, डेस्मंड, समोर उजेड. पलीकडे दुसरी फट. फटीबाहेर प्रोबर्टचा चढ, खाली नदी, आणि तुझ्या ऑल्डरविचच्या चर्चचा मनोरा. आणि त्या फटीपाशी कोरड्या जागी गुडघ्याखाली घ्यायची एक उशी. हिरव्या मखमलीची. ती माझ्या बैठकीच्या खोलीच्या पडद्याची मखमल आहे. ज्या पडद्याला कसर लागली म्हणून तू तो जाळून टाकलास असं मला तोंडावर सांगितलं होतंस, त्या पडद्याची! शेजारी पेपरमिंटच्या गोळीचा कागद, चौकोनी घडी घातलेला. खाल्लेल्या गोळीच्या कागदाची घडी घालणारा दुसरा माणूस या जिल्ह्यात नाही. मी त्या उशीवर बसले आणि मोठ्याने हसले की रडले ते त्या कोकरालाच विचार.

कळलं ना आता? तुझा काठीचा ओक आणि माझा पाद्रीबाबाचा ओक हे एकच झाड आहे. शेकडो वर्षांत खोड पोकळ होऊन मधोमध उकललं, दोन अर्धी दोन बाजूंना झुकली, आणि दोन्ही कडांच्या खाचांत कुंपण वाढत गेलं, आत मात्र ढोली एकच राहिली. माझ्या बाजूला सावली, म्हणून शेवाळ आणि गाठी. तुझ्या बाजूला उघडा चढ, म्हणून वीज आणि वाळलेल्या फांद्या. कुंपणावरून पलीकडच्या डहाळ्या दिसायच्या तेव्हा मी म्हणायची, असेल प्रोबर्टचं काहीतरी किरकोळ. तूही तेच म्हणत असणार, आणि ढोलीत नदीकडे तोंड करून बसत असणार, म्हणून मागचा उजेड कधी पाहिलाच नाहीस. गावंसुद्धा आपल्यासारखीच. रोगेशनच्या, म्हणजे पिकांसाठी प्रार्थनेच्या, रविवारी टिबर्लीची माणसं पाद्रीबाबाबरोबर गावाची शीव फिरायला निघतात आणि माझ्या बाजूला थांबून बायबल वाचतात. बुधवारी ऑल्डरविचची माणसं त्यांची शीव फिरतात आणि तुझ्या बाजूला थांबून त्याच झाडाला वेताच्या काठ्यांनी बडवतात, म्हणून इकडे पाद्रीबाबाचा ओक आणि तिकडे काठीचा. एकाच म्हाताऱ्याला रविवारी प्रवचन आणि बुधवारी मार. दोन्ही गावांना वाटतं, झाड आपलं.

आणि आपण, जाणकार! कुंपणामुळे पूर्ण फेरा घालता येत नाही, म्हणून नियमाप्रमाणे दिसेल तेवढा अर्धा मोजला आणि दुप्पट केला. मी गाठींची बाजू दुप्पट केली, तू सपाट बाजू दुप्पट केलीस. नकाशावरच्या चौकटींच्या आकड्यांत जागा लिहिताना मी अपूर्णांक सोडून आकडा नेहमीप्रमाणे खाली ओढला, तू नेहमीप्रमाणे वर नेलास, हॉटेलच्या बिलावर टीप देताना करायचो तसंच. म्हणून ठिपके दोन पडले आणि मध्ये एक शेत उगवलं. बरं, मी एकदा तरी तुझ्या बाजूला जाऊन पाहावं, तर माझ्याकडे परवानगी बॉडनमबाईंची, आणि प्रोबर्टच्या शेतात न विचारता पाऊल टाकायचं म्हणजे अब्रह्मण्यम. तूही तसाच. दुसऱ्या कुठल्या देशातली माणसं असती तर पहिल्याच वर्षी कुंपणावरून उडी मारून एकमेकांचं झाड बघायला गेली असती, गेलाबाजार चोरून तरी. आपण सभ्य राहिलो. या सभ्यपणापायी एक सबंध ओक जास्तीचा उभा राहिला.

मी आत बसलेली असतानाच तिकडच्या फटीत प्रोबर्टचं लालबुंद तोंड आलं. कोकरू शोधायला आला होता. मला बघून दचकला आणि म्हणाला, 'बाई, तुमी माज्या झाडात काय करताय?' मी म्हटलं, 'मी माझ्या झाडात बसले आहे.' तो म्हणाला, 'मग तुमच्या झाडातनं माजं कोकरू तेवढं भाईर द्या.' दिलं. मग त्याला समजावून सांगितलं की बाबा, हे एकच झाड आहे, दोन नाहीत. त्याने खोडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ हनुवटी खाजवली. म्हणाला, 'आसंल. पर निम्मं माजंच की. माजं निम्मं मी तोडनार. तुमचं निम्मं ऱ्हाऊ द्या तुमाला, मी कशाला हात लावतोय?' मी म्हटलं, निम्मं तोडलं तर उरलेलं निम्मं पहिल्याच वाऱ्यात आडवं होईल. तो म्हणाला, 'ते बॉडनमबाईंनी बगावं, त्यांच्या हद्दीत पडलं तर.' तेवढ्यावर कोकरू काखेत मारून चालता झाला.

मग बॉडनमबाईंकडे गेले. त्या घोड्याला खरारा करत होत्या. ऐकून थांबल्या आणि म्हणाल्या, 'म्हणजे आमच्या झाडाने त्या प्रोबर्टच्या शेतात पाय ठेवलाय? इतकी वर्षं? अगं बाई, तो आता भाडं मागेल.' मी म्हटलं, तो भाडं नाही, करवत लावणार आहे. त्यावर म्हणाल्या, 'तुम्ही काहीतरी करा. तुम्ही दोघं त्यातले आहात.' तुम्ही दोघं. आपण वेगळे झाल्याचं त्यांना माहीत नाही असं नाही. त्या विसरतात. घोड्यांची नावं मात्र विसरत नाहीत.

शेवटी ब्रायनी. शहाणी मुलगी आहे, पण आपण तिचा जीव नकोसा केलाय. तिला वाटलं मी तुझ्याविरुद्ध नवीन काहीतरी घेऊन आले. मी सगळं सांगितल्यावर तिने डोक्याला हात लावला. म्हणाली, 'म्हणजे ज्या झाडाच्या भरवशावर मी दुसरं झाड जाऊ देत होते, ते झाडच नाहीये?' मी म्हटलं, आहे, पण तेच आहे. ती म्हणाली, 'ग्वेंडा, मग हे तोडलं तर काहीच उरत नाही!' तेच तर. आणि पुढे तिने जे सांगितलं ते नीट वाच. अहवाल ती बदलू शकते. पण नोंदी दोन आहेत, फोटोंसकट, दोन जुन्या अनुभवी माणसांच्या. त्यातली एक नोंद दुसऱ्या माणसाच्या नुसत्या सांगण्यावरून पुसता येत नाही. त्यातून मी तुझ्या झाडाबद्दल काय काय लिहिलंय ते बघता, माझ्या सांगण्यावरून तर नाहीच. 'उद्या डेस्मंड म्हणाले की तुमचा ओक खोटा आणि त्यांचा खरा, तर मी काय करू?' असं म्हणाली. आणि तू तसं म्हणशील याची तिला खात्री होती. मलाही.

जाताना ती सहज म्हणून गेली, 'तुम्ही दोघांनी मिळून एक झाड जन्माला घातलंत की!' तिला काय ठाऊक. बसस्टॉपवर ते वाक्य माझ्या डोक्यात आलं आणि राहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात आपल्याला मूल झालं नाही, आणि वेगळे झाल्यावर ओक झाला. तोही नसलेला. आणि हा नसलेला आता असलेल्याच्या मुळावर आलाय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तू माझं झाड तोडा म्हणून लिहिलंस, मी तुझं तोडा म्हणून लिहिलं, आणि कौन्सिल आपल्या दोघांचंही ऐकायला निघालंय.

तर आता बैठकीच्या आत एक नवी नोंद हवी आहे: एक झाड, एक जागा, एक घेर, दोन सह्या. घेर पूर्ण फेऱ्याचा, अर्ध्याची दुप्पट चालणार नाही. तो किती भरेल हे तू आताच कागदावर करून बघशील. मीही केलं. तुझ्यापेक्षा जास्त आणि माझ्यापेक्षा कमी. म्हणजे सहा वर्षं भांडून दोघंही चुकलो, आणि झाड तरीही जिल्ह्यातलं सगळ्यात मोठंच राहतं. यात तुझा विजय शोधत बसू नकोस.

सही तर तू पोस्टानेही पाठवली असतीस. तेवढ्यासाठी मी लिहिलं नसतं. ब्रायनीने तुला साधी नोटीस काढली असती आणि तू ती वेळेत उघडली असतीस, कारण सरकारी पाकिटावर तू मग ठेवत नाहीस. मी लिहितेय ते काल मी एकटीने मोजायला गेले म्हणून. ढोलीतून रांगत तुझ्या बाजूला जाता येतं, पण टेप खोडाला धरून कुंपणापलीकडे न्यायची तर ती काट्यांतूनच न्यावी लागते. वालाच्या वेलाला आधार देायची लांब काठी नेली होती. काठीच्या टोकाला माझी पोलादी टेप बांधली आणि काट्यांतून पलीकडे ढकलली. टेप वळली, काट्यात अडकली, पिन निसटली. मी खांद्यापर्यंत हात ब्लॅकथॉर्नमध्ये घालून, गाल खोडाला टेकवून उभी होते, काही दिसत नव्हतं, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, 'धरलं का?' मोठ्याने. पलीकडून कोणी काही म्हणालं नाही. प्रोबर्टची एक मेंढी खाकरली, बस. तू बॅगा गाडीत टाकून गेलास त्या दिवशी मला इतकं वाईट वाटलं नव्हतं, त्या दिवशी मी रागात होते. काल मात्र तिथेच उभी राहिले, हात काढायचंही सुचेना. मला तुझी फार आठवण येते, डेस्मंड, आणि याचाही मला वैताग येतो. येत्या रविवारी रोगेशन आहे, टिबर्लीची माणसं शीव फिरत माझ्या बाजूला येतील, म्हणजे साक्षीदार आयतेच मिळतील. तू तुझ्या बाजूला ये. प्रोबर्टला विचारून ये, नाहीतर तू यायचाच नाहीस. वडिलांची कापडी टेप आण. ताणली आहे ते मला ठाऊक आहे, तिचा हिशेब आपण नंतर करू आणि त्यावरून भांडूही. पण तिला पितळी कडी आहे, ती काठीला घट्ट बांधता येते. मध्ये झाड आहे, वर कुंपणही आहे, तेव्हा घाबरायचं कारण नाही. मी या बाजूने हाक मारीन. तेवढं उत्तर दे.

टेपच्या या टोकाला उभी,
तुझीच,
ग्वेंडा